गाण्यांची आवक-जावक

२२ मार्च, शनिवार, सायंकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. या विषयावरची माझ्या वहीतली पहिली नोंद या वेळेची आहे: ‘गाणे क्र. २१६. वेग ९६. चुका ११.’ वाजवणारी मी नव्हते. भरे गावात ज्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहत होते, ते घरमालक खाली पडवीत कीबोर्डवर एक नवे गाणे बसवत होते आणि मी जिन्यात बसून त्यांच्या चुका मोजत होते. मोजायला कोणी सांगितले नव्हते. मी पाण्याचे नमुने तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करत असे. दिवसभर मोजमाप केलेल्या माणसाला संध्याकाळी एकदम थांबता येत नाही. शाळेत असताना पेटीच्या तीन परीक्षा दिल्या होत्या, त्यामुळे चूक कशाला म्हणायचे ते कळत होते. वेग म्हणजे मिनिटाला पडणारे ठोके. मूळ गाण्याचा वेग १३२ होता.

गावात सगळे त्यांना तात्या म्हणत, म्हणून मीही तात्या म्हणत असे. ते मला मॅडम म्हणत. पौडच्या तहसील कचेरीत त्यांनी तेहेतीस वर्षे नोकरी केली होती, आधी टंकलेखक म्हणून आणि संगणक आल्यावर आवक-जावक विभागात. तिथे प्रत्येक स्त्री मॅडम होती, आणि ही सवय त्यांनी निवृत्तीबरोबर घरी आणली होती. आणखीही बऱ्याच गोष्टी आणल्या होत्या.

त्याआधी चार दिवस, मंगळवारी पाचच्या सुमारास सुमनताई येऊन गेल्या होत्या. तात्या ज्या पार्टीत कीबोर्ड वाजवत, तिच्या त्या गायिका आणि मालकीणही. हळदी, लग्ने, वाढदिवस, एप्रिलमधले जयंतीचे कार्यक्रम, सगळीकडे ही पार्टी जात असे. स्कूटरवरून न उतरताच त्या बोलल्या.

“तात्या, मुळशीच्या हळदीला तीन गाणी नवीन हायेत. नवरीच्या बापानं नावं धाडलीत. तीन आठवडं हातात हायेत. तुमच्या हाताला जमनार नसंल तर आत्ताच सांगा. पिरंगुटाचा वादक तयार हाय.”

“जमणार नाही असं कोणी कळवलं?” तात्यांनी विचारले.

“कळवायला कशाला पायजे? मागल्या दोन कार्यक्रमांत मी तुमच्याच म्होरं उभी राहून गात हुते की. मला कान हायेत.” मग स्कूटर वळवता वळवता: “आन त्यो एकदा खुर्चीवर बसला की मी त्याला उठवनार न्हाई. तुमी मला वळखता.”

डिसेंबरात पौड रस्त्यावर तात्यांची दुचाकी घसरली होती आणि उजव्या हाताची अनामिका महिनाभर प्लास्टरमध्ये होती. बोट पूर्ण बरे झाले आहे, असे ते सर्वांना सांगत. पार्टीतली ती खुर्ची त्यांच्याकडे सव्वीस वर्षे होती. निवृत्तीनंतर आपण वेळेवर पोचलो की नाही याची चौकशी कोणी करावी, अशी त्यांच्यासाठी तेवढी एकच जागा उरली होती. त्यामुळे प्रश्न साधा होता: तीन आठवड्यांत तीन गाणी बसतात की खुर्ची जाते.

तात्यांकडे गाणे बसवण्याची एक कार्यपद्धती होती. मी हा शब्द विनोदाने वापरत नाही; मी काम केलेल्या दोन प्रयोगशाळांपैकी एकीतही इतकी काटेकोर कार्यपद्धती नव्हती. नवे गाणे आले की ते प्रथम रजिस्टरात चढे. क्रमांक, दिनांक, कोणाकडून प्राप्त, गायिकेचा सूर आणि शेवटी शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘प्रलंबित’, ‘त्रुटी आहेत’, ‘फेरसादर’ असे शब्द असत. गाणे पूर्ण बसले की लाल शाईने ‘जावक’. जावक झाल्याशिवाय कोणतेही गाणे पडवीच्या बाहेर जात नसे. एकदा सुमनताईंनी एका बारशाला आयत्या वेळी एक गाणे मागितले, तेव्हा तात्यांनी भर मांडवात सांगितले होते, “ते अजून आवकेत आहे.” पाहुण्यांना वाटले, गाणे पोस्टाने येते आहे.

नोंद झाल्यावर ते गाणे फोनवर ऐकून स्वरलिपी लिहीत आणि जुन्या मराठी टंकयंत्रावर ती तीन प्रतींत टंकित करत. एक प्रत स्वतःसाठी, एक फाइलला, एक सुमनताईंना. सुमनताई ती न वाचता पर्समध्ये ठेवत आणि नंतर तिच्यात डाळ-दाणे बांधत. तात्यांना हे माहीत होते. “प्रत दिली. पुढची जबाबदारी प्राप्तकर्त्याची,” ते म्हणत.

मग प्रत्यक्ष सराव. तो कीबोर्ड बंद ठेवून सुरू होई. वीज असो वा नसो, पहिले दोन दिवस पट्ट्यांवर बोटांची नुसती टकटक. आवाज आला की कान खूश होतात आणि बोटे आळशी होतात, असे त्यांचे निरीक्षण होते. तिसऱ्या दिवशी कीबोर्ड चालू होई, पण गाण्याची सुरुवात ते शेवटच्या ओळीपासून करत. शेवटची ओळ पक्की झाली की तिच्या आधीची, मग तिच्या आधीची, असे करत सर्वांत शेवटी मुखडा. मी याचे कारण विचारले होते.

“मॅडम, अर्ज हातात आला की आधी खाली बघायचं. सही नसेल तर वरचं वाचून काय उपयोग?”

मला हे उत्तर तेव्हा हास्यास्पद वाटले. नंतर मी स्वतः दोन गाणी तशी बसवून पाहिली. वादक पुढे सरकतो तसतसा अनोळखी मुलखातून ओळखीच्या मुलखात येतो. शेवट जवळ आला की हात कापायच्या ऐवजी स्थिरावतो. त्यांचा युक्तिवाद कचेरीतला होता, पण निष्कर्ष बरोबर होता.

त्यांच्या कीबोर्डवरच्या एका बटणावर काळी चिकटपट्टी लावलेली होती आणि तिच्यावर टंकित चिठ्ठी: ‘वापरास मनाई’. हे बटण सूर बदलण्याचे. ते दाबले की बोटे नेहमीच्याच पट्ट्यांवर ठेवून सगळे गाणे वरच्या किंवा खालच्या सुरात वाजते; सुमनताईंचा आवाज सर्दीने खाली उतरला की दुसऱ्या कोणत्याही वादकाने तेच केले असते. तात्याही पूर्वी करत. मग एका लग्नात, आधीच्या गाण्यासाठी तीन सूर वर चढवलेले बटण खाली आणायचे त्यांच्याकडून राहून गेले. नवरी मामांच्या मधोमध दारात आली, सुमनताईंनी त्यांच्या नेहमीच्या सुरात सुरुवात केली आणि तात्या भलत्याच उंचीवरून वाजवू लागले. सुमनताई गाणे थांबवून माइकवरच म्हणाल्या, “तात्या, नवरी हिकडनं येतीया, तुमी कुटं निघालात?” सगळा मांडव हसला. नवरीही हसली, ही गोष्ट तात्या विशेष दुःखाने सांगत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःलाच कारणे दाखवा नोटीस काढली. ती मी फाइलमध्ये वाचली आहे: ‘वधूप्रवेशाच्या वेळी आपण तीन सूर वरून वादन केले. याबाबत आपणाविरुद्ध कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा.’ तिसऱ्या दिवशी खुलासा सादर झाला: ‘अनवधानाने राहून गेले.’ त्याच्यावर त्यांच्याच हस्ताक्षरात शेरा: ‘खुलासा समाधानकारक नाही.’ शिक्षा अशी झाली की बटण कायमचे बंद, आणि यापुढे प्रत्येक नवे गाणे हाताने तीन वेगवेगळ्या सुरांत बसवायचे: काळी एक, काळी दोन आणि पांढरी चार. म्हणजे तीन गाणी ही खरे पाहता नऊ होती. शिक्षा माफ करण्याचा अधिकार त्यांच्याकडेच होता. तो त्यांनी कधी वापरला नाही.

सगळ्यांत शेवटी तोंडी परीक्षा. ही काकी घेत. काकी म्हणजे तात्यांच्या पत्नी. कार्यक्रमात वादकाला कोणी शांतपणे वाजवू देत नाही. कोणी फर्माइशीची चिठ्ठी नाकासमोर धरतो, कोणी जेवण झाले का विचारतो. म्हणून तात्या पूर्ण वेगाने वाजवत असताना काकींनी प्रश्न विचारायचे, आणि तात्यांनी ठोका न चुकवता उत्तरे द्यायची, असा नियम होता. सुरुवातीच्या काळात काकी भाजीचे विचारत. पुढे त्यांच्या लक्षात आले की नवऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले आहेत, तो उठून जाऊ शकत नाही आणि त्याला उत्तर द्यावेच लागते. तेव्हापासून त्या आपले अवघड प्रश्न नव्या गाण्यांसाठी राखून ठेवू लागल्या.

मुळशीच्या तीन गाण्यांपैकी पहिल्याची, क्रमांक २१४ ची परीक्षा मी समोर बसून पाहिली.

“अवो, मेथी निवडू का पालक?”

“मेथी.”

“तुमच्या भावानं रस्त्याकडंची जिमीन इकली, तवा सही कराया तुमी का गेलात?”

“मोठा... भाऊ... आहे... तो,” प्रत्येक शब्द ठोक्यावर.

“आन मला का इचारलं न्हाई?”

उजव्या हाताचा एक सूर गळाला. काकी माझ्याकडे वळल्या. “लिव गं पोरी. चूक झाली.”

मी लिहिली. गाणे फेरसादर झाले आणि दोन दिवसांनी सुटले. २१५ त्याच आठवड्याच्या शेवटी सुटले. अडले ते २१६. त्यात सोळा सुरांचा एक उतरता तुकडा होता, गाण्यात चार वेळा येणारा, आणि तो १३२ च्या वेगाने घसरत खाली यायला हवा होता. तात्यांच्या हातून तो दर वेळी एकाच ठिकाणी अडखळे.

सहा दिवसांच्या माझ्या नोंदींत त्या गाण्याच्या एकेचाळीस चुका होत्या. कोणती चूक कोणत्या बोटाने झाली, हे मी वेगळे काढले. एकेचाळीसपैकी तेहेतीस अनामिकेच्या होत्या. मी खाली जाऊन तात्यांना स्पष्ट सांगितले की बोट बरे झालेले नाही आणि आकडे असे आहेत. काकी पोळ्या लाटत होत्या; त्यांचे लाटणे थांबले. तात्यांनी वहीतले आकडे बोट ठेवून एकेक वाचले.

“लेखी द्या,” ते म्हणाले.

मी लेखी दिले. त्याला आवक क्रमांक २१७ मिळाला, गाण्यांच्याच रजिस्टरात. तीन दिवसांनी टंकित उत्तर जिन्याच्या पायरीवर ठेवलेले होते: ‘निरीक्षण मान्य. उपाययोजना सुचवावी.’

उपाययोजना मी एका रात्रीत तयार केली. तुकड्यातून अनामिका पूर्णपणे काढून टाकायची आणि तिचे काम मधल्या बोटाला द्यायचे. सोळाही सुरांखाली बोटांचे क्रमांक लिहून मी तक्ता दिला. चाळीस वर्षे एका वळणाने चाललेल्या हाताला त्रेसष्टाव्या वर्षी वळण बदलायला सांगणे सोपे नव्हते, पण तात्यांनी तक्त्यावर ‘अंमलबजावणी सुरू’ असा शेरा मारला आणि सरावाला बसले. पाच दिवसांत वेग ११८ वर आला, चुका चारवर. मला माझे टिपण त्या वेळी फार सुबक वाटले होते. अनामिका तपासणीतून बाद झाली होती, म्हणून तिच्या नोंदी मी थांबवल्या.

याच काळात मीही ते गाणे बसवले, हे सांगणे आवश्यक आहे. तात्या पेन्शनच्या कामासाठी पौडला गेले की मी त्यांच्या कीबोर्डवर बसत असे. माझा वेग १३२ होता आणि चुका शून्य. पंचवीस वर्षांच्या निरोगी हाताला ते कठीण नव्हते. तरीही तो आकडा मी वहीत जरा मोठ्या अक्षरांत लिहिला होता.

हळदीच्या आधीच्या रविवारी सुमनताई ढोलकीवाल्याला घेऊन तालमीला आल्या. पहिली दोन गाणी व्यवस्थित झाली. २१६ चा तुकडा तीनदा मोडला. तिसऱ्यांदा मोडल्यावर ढोलकीवाला स्वतःच्या नखांकडे पाहू लागला.

“मॅडम,” सुमनताई एकदम माझ्याकडे वळल्या, “तुमाला येतंय न्हवं हे? परवा तात्या पौडला गेले हुते, तवा मी फाटकातनं ऐकलंया.”

मी नाही म्हणू शकले असते. तात्या तीन हातांच्या अंतरावर बसले होते. मी हो म्हणाले. मला ती खुर्ची हवी होती. जे येते ते चार लोकांसमोर करून दाखवावे, एवढी सरळ इच्छा होती, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. मी वाजवले. चुका शून्य.

“बास,” सुमनताई म्हणाल्या. “मुळशीला मॅडम.”

तात्या उभे राहिले. आवाज कचेरीतला होता. “तोंडी परीक्षा बाकी आहे. नियम सर्वांना सारखा.” आणि त्यांनी काकींना हाक मारली.

काकी पदराला हात पुसत आल्या. मी पुन्हा सुरुवात केली.

“च्या ठिवू का?”

“ठेवा.”

“साखर?”

“कमी.”

“हितनं कवा जानार गं तू?”

माझे दोन्ही हात थांबले. वर माझ्या पिशवीत नऊ दिवसांपूर्वी आलेले पत्र होते: दक्षिणेतल्या एका शहरात, एका संशोधन संस्थेत जागा, जूनपासून. मी ते कोणालाच सांगितले नव्हते. काकींनाही त्यातले काही माहीत नव्हते. भाडेकरू शेवटी जातात, एवढेच त्यांना माहीत होते.

“जूनमध्ये,” मी म्हणाले.

“म्हंजे लग्नसराई संपली की तुमी बी संपल्या,” सुमनताई म्हणाल्या. “मंग फुडल्या सालाला मी काय करू? पत्र धाडू तुमाला?” त्यांनी पर्स उचलली. “तात्या, बेस्तरवारी हळद हाय. तुमी बसा खुर्चीवर. पन पिरंगुटाचा बाजूला बसंल, कीबोर्ड घिऊन. एकदा मोडलं तर मोडलं. दुसऱ्यांदा मी हात केला की त्यो चालू करनार.”

ते गेल्यावर मी तात्यांची क्षमा मागितली. ते रजिस्टर बंद करत होते.

“मॅडम, रिक्त पदासाठी अर्ज करायला हरकत नसते,” ते म्हणाले. “पद रिक्त आहे का, तेवढं आधी बघायचं.” याहून जास्त ते कधीही बोलले नाहीत, आणि याहून जास्त लागण्याजोगे मला कोणी बोललेले नाही.

गुरुवारी सायंकाळी सात वाजता मुळशीला हळद सुरू झाली. घरामागच्या खाचरात मांडव होता, पलीकडे धरणाचे पाणी. पिरंगुटचा वादक रंगमंचाच्या कडेला कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला होता. चाळिशीचा सभ्य माणूस, तात्यांकडे न पाहण्याची काळजी घेणारा. काकी बायकांत बसल्या होत्या. मी स्पीकरच्या खोक्याआड उभी राहून मोजत होते. २१४ मध्ये एक चूक. २१५ मध्ये शून्य.

२१६ चा तुकडा पहिल्यांदा आला आणि मोडला. तीन सूर चुकले, तिन्ही मधल्या बोटाचे. माझ्या तक्त्यातल्या बोटाचे. नाचणाऱ्यांना काही कळले नाही. सुमनताईंना कळले, त्यांनी मान वळवली नाही, पण डावा हात कमरेवरून उचलून छातीशी आणला. पिरंगुटच्या वादकाने वायर जोडली. अंतरा चालू होता. तात्यांनी उजवा हात पट्ट्यांवरून उचलला, हवेत एकदा झटकला आणि परत ठेवला, जरा तिरका, जरा डावीकडे. ही ठेवण माझ्या तक्त्यात नव्हती. अनामिका तिच्या जुन्या काळ्या पट्टीवर होती.

तुकडा दुसऱ्यांदा आला आणि पाण्यासारखा खाली उतरला. त्याच वेळी नवरीचा कोणी चुलता कीबोर्डवर ओणवा होऊन सांगत होता, “तात्या, ती पांढरी गाडी काढाया सांगा की माइकवरनं!” आणि तात्या ठोक्यावर म्हणत होते, “सांगतो, सांगतो.” सुमनताईंचा हात पुन्हा कमरेवर गेला. गाणे संपल्यावर त्या रंगमंचाच्या कडेला वाकून पिरंगुटच्या वादकाला म्हणाल्या, “दादा, उगाच बसवलं तुमाला. जेवल्याबिगर जाऊ नगा.”

परतताना टेंपोत मी तात्यांना विचारले की माझ्या उपाययोजनेचे काय झाले.

“तिची अंमलबजावणी चालू होती,” ते म्हणाले. “जुनी फाइलही बंद केलेली नव्हती.”

काकींना एवढ्याने समाधान झाले नाही. “रोज पाटं उठून, कीबोर्ड बंद ठिवून त्याच बोटानं बडवत हुते,” त्या म्हणाल्या. “मी म्हनलं, पोरीला सांगा की. तर म्हनले, नगं, तिचा कागद लई चांगला हाय.”

मी वही काढली. कोणते बोट अडखळते, हे मी बरोबर शोधले होते. ते बरे होते आहे का, हे पाहणे मी तक्ता दिला त्याच दिवशी थांबवले होते. रकाना मीच बंद केला होता, त्यामुळे पुढचे दहा-अकरा दिवस माझ्या वहीत कुठेच नव्हते. टेंपो हादरत होता, अक्षर वाकडे येत होते. मी रकाना पुन्हा आखला आणि तात्यांसंबंधीची माझी शेवटची नोंद केली: ‘गाणे क्र. २१६. वेग १३२. मधले बोट, एक फेरी: चुका ३. अनामिका, तीन फेऱ्या: चुका ०.’